शरीर बाळाला ‘नाकारते’ म्हणजे नेमके काय? वार आणि आईच्या प्रतिकारशक्तीविषयी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असल्यास ती तुमच्या लक्षात येईल. तुमचे वय ३१ आहे, लग्न सख्ख्या आतेभावाशी झाले आहे, आणि गेल्या दीड वर्षात एकदा आठव्या व एकदा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर एका वंध्यत्व केंद्रातील रक्ततपासणीत ‘एनके पेशी १९ टक्के’ असा आकडा आला (या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) आणि ‘तुमचे शरीर बाळाला परके समजून बाहेर टाकते आहे’ असे तुम्हाला सांगण्यात आले. उपाय म्हणून पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची इंजेक्शने आणि इंट्रालिपिडचे सलाईन सुचवले गेले. सासूबाई, म्हणजे तुमच्या आत्याच, ‘नात्यात लग्न लावले म्हणून असे झाले’ असे म्हणत स्वतःला दोष देत आहेत. आपल्याच शरीराने आपले बाळ मारले का आणि हे उपचार घ्यावेत का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असल्यामुळे मला थोडे मुळापासून सांगावे लागेल. मी पुण्यात सव्वीस वर्षे स्त्रीरोग व प्रसूतीची प्रॅक्टिस करते आहे. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, आणि बाळाचे ठोके एकदा तरी दिसले होते का, पडलेला गर्भ तपासणीला पाठवला होता का, थायरॉइड आणि साखर कशी आहे, यांवर तुमच्या बाबतीतले उत्तर बरेच बदलू शकते. मात्र ‘शरीर बाळाला नाकारते’ ही कल्पना कुठून आली आणि ती कितपत खरी आहे, हे फाइल न पाहताही सांगता येते.

ही कल्पना प्रसूतितज्ज्ञांची नाही, ती अवयव-प्रत्यारोपणाच्या अभ्यासातून आली. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर त्वचारोपणावर काम करत होते. एकाची त्वचा दुसऱ्याला लावली तर ती काही दिवसांत का गळून पडते हा त्यांचा विषय, आणि त्यातूनच पुढे १९६० चे नोबेल त्यांना मिळाले. १९५३ मध्ये त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : बाळात निम्मा वाटा वडिलांचा असतो, म्हणजे आईच्या दृष्टीने ते निम्मे परकेच, मग परकी त्वचा दोन आठवडेही न टिकवणारे शरीर बाळाला नऊ महिने कसे सांभाळते? आई आणि बाळ यांच्यामध्ये अभेद्य भिंत असेल, बाळाच्या पेशी अजून ओळखू येण्याइतक्या पक्व नसतील, किंवा आईची प्रतिकारशक्ती गरोदरपणात सुस्त होत असेल, अशी तीन संभाव्य उत्तरेही त्यांनी मांडली. प्रश्न अचूक होता, पण उत्तरांपैकी एकही जशीच्या तशी टिकली नाही. दुर्दैवाने दवाखान्यांतून रुग्णांना जे समजावले जाते त्यात अजूनही ही जुनी तीन उत्तरेच घोळत असतात.

या सगळ्याच्या मध्यभागी असलेला अवयव म्हणजे वार, पुस्तकी भाषेत अपरा. बाळंतपण झाले की थोड्या वेळाने वार पडते आणि ती ट्रेमध्ये पसरून दोन्ही बाजूंनी नीट पाहायची, ही ससूनमध्ये शिकताना लागलेली सवय माझ्या हातून आजही सुटलेली नाही. एखाद्या जाड भाकरीएवढी, साधारण अर्धा किलो वजनाची. आईकडची बाजू गडद लाल, मांसल आणि भेगांनी पंधरा-वीस कप्प्यांत विभागलेली. त्यातला एक जरी कप्पा कमी दिसला तर तो पिशवीत राहिला असे समजून शोधावा लागतो. उलटी केली की बाळाकडची बाजू चकचकीत, निळसर करडी, आणि नाळेपासून चहूकडे पसरलेल्या रक्तवाहिन्या. नातेवाइकांना वाटते की हा आईचाच एक भाग गळून पडला. प्रत्यक्षात आईकडच्या बाजूला चिकटून आलेला अस्तराचा पातळ थर सोडला तर ती सगळी बाळाची असते. ज्या एका फलित बीजापासून बाळ घडले त्यापासूनच वारही घडते, म्हणजे तिच्यातही निम्मा वाटा वडिलांचा. आईच्या प्रतिकार यंत्रणेची गाठ मुख्यतः बाळाशी पडत नाही, ती वारेशी पडते. हे एकदा ध्यानात आले की पुढचे समजायला सोपे जाते.

वारेचा आईशी संबंध दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे तिची तऱ्हा वेगळी आहे. पहिले ठिकाण म्हणजे आईच्या रक्तात बुडालेले वारेचे असंख्य बारीक फाटे. त्यांच्यावर एक सलग आवरण असते, ज्यात पेशी एकमेकींत विरघळून गेलेल्या असतात आणि दोन पेशींमध्ये फटच उरत नाही. पूर्ण दिवसांच्या वारेत या आवरणाचे क्षेत्रफळ दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमधल्या एका बेडरूमइतके भरते. आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर ‘मी कोण’ हे सांगणारी एचएलए नावाची प्रथिने असतात, आणि परके मूत्रपिंड नाकारले जाते ते मुख्यतः त्यांच्यामुळे. या आवरणावर ही प्रथिने जवळजवळ नसतातच. आईच्या रक्तातील पांढऱ्या पेशींना दहा-बारा चौरस मीटर चाचपूनही वडिलांची ओळखपाटी सापडत नाही. जाता जाता सांगते : या पेशींना एकमेकींत मिसळवणारे सिन्सिटिन हे प्रथिन लक्षावधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकांत शिरलेल्या एका विषाणूची देणगी आहे.

दुसरे ठिकाण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि तुमच्या रिपोर्टमधला आकडा समजण्यासाठी तेच महत्त्वाचे आहे. वारेच्या काही पेशी मूळ जागा सोडून गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. नागमोडी, अरुंद आणि स्नायूंनी आवळलेल्या त्या वाहिन्यांची भिंत बदलून त्या रुंद, सैल नळ्या बनवणे हे त्यांचे काम असते, कारण त्याशिवाय वाढत्या बाळाला रक्त पुरणार नाही. या पेशी सरळ आईच्या मांसात बसलेल्या असतात, त्यामुळे इथे लपून राहण्याची सोय नाही. त्या ओळखपाटी लावतात, पण निवडून. प्रत्यारोपणात सर्वाधिक भांडण लावणारी एचएलए-ए आणि बी ही प्रथिने त्या दाखवत नाहीत. सी, ई आणि जी ही तीन दाखवतात. त्यातले जी हे सर्व माणसांत जवळजवळ सारखेच असते आणि ई व जी ही दोन्ही आईच्या पेशींना ‘हल्ला नको’ अशी खूण करतात. सी मात्र माणसागणिक वेगळे असते, म्हणजे वडिलांची काही ओळख आईला मुद्दाम दाखवली जाते.

ती ओळख वाचणाऱ्या आईच्या पेशी म्हणजेच एनके पेशी. ‘नॅचरल किलर’ या नावाने फार घोटाळा केला आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात, आणि त्या बाळाला मारायला गोळा झालेल्या नसतात. दर महिन्याला बीज सुटल्यानंतर, गर्भ राहो वा न राहो, त्यांची संख्या वाढतच असते. त्यांची मारक क्षमता कमी असते. त्या अशी रसायने सोडतात ज्यांमुळे वारेच्या पेशींना पुढे सरकायला आणि रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत होते. केंब्रिजमधील ॲशली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की आईच्या एनके पेशींवरील विशिष्ट ग्राहक, म्हणजे अशी ओळख वाचणारी प्रथिने, आणि बाळाचे विशिष्ट एचएलए-सी अशी जोडी जमली, की ज्यात त्या पेशी जास्त दबल्या जातात, तर गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा, धोका वाढतो. वाक्य पुन्हा वाचा, कारण ते तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीच्या नेमके उलट आहे. तिथे एनके पेशी कमी काम करतात म्हणून बिघडते.

आता तुमचे १९ टक्के. तो आकडा हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातला आहे. रक्तातील एनके पेशी आणि गर्भाशयाच्या अस्तरातील एनके पेशी यांचे नाव एक असले तरी प्रकार, वागणूक आणि कामे वेगळी आहेत. त्यातही रक्तातले प्रमाण ताण, व्यायाम, सर्दी-ताप, इतकेच काय रक्त कोणत्या वेळी काढले यावरही बदलते. स्वारगेटला किती गर्दी आहे हे पाहून पर्वतीवर किती माणसे चढली असतील ते सांगण्यासारखेच हे आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांमध्ये ही तपासणी नियमित करू नये, असे युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन सांगते, आणि मीही ती सांगत नाही.

सहिष्णुतेची व्यवस्था एवढ्यावर संपत नाही. टी पेशी हा पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार. त्यातल्या नियामक टी पेशी, ज्यांचे काम इतर टी पेशींना आवर घालणे हे आहे, गर्भ राहताच अस्तरात वाढतात. उंदरांमध्ये त्या काढून टाकल्यावर वेगळ्या वंशाच्या नराची पिल्ले टिकली नाहीत, पण त्याच वंशाच्या नराची टिकली. वारेत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि ट्रिप्टोफॅनच्या अभावी आक्रमक टी पेशींची वाढ खुंटते. १९९८ मध्ये उंदरांत हे विकर बंद पाडताच परक्या नराचे गर्भ गळाले. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन तयार करण्याचे काम बीजकोशाकडून वारेकडे येते, आणि हे संप्रेरक गर्भाशयाला शांत ठेवण्याबरोबर पांढऱ्या पेशींचा कलही बदलते. एक साधन निकामी झाले तर दुसरे असते, अशी ही रचना आहे, आणि म्हणूनच एका रक्ततपासणीतल्या एका आकड्यावर सगळे खापर फोडणे मला पटत नाही.

याचा अर्थ आईची प्रतिकारशक्ती सुस्त होते असाही नाही. रुजण्याच्या काळात अस्तरात चक्क सौम्य दाह असतो आणि तो हवा असतो; मधले महिने शांततेचे, आणि कळा सुरू होताना पुन्हा दाह. माझ्याकडे संधिवात, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार, असलेल्या एक शिक्षिका येत असत. पाचव्या महिन्यात त्या स्वतः लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडू लागल्या याचे त्यांना कोण अप्रूप, आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात बोटे पुन्हा सुजली. संधिवात असलेल्या अनेक स्त्रियांत असे घडते. ल्यूपस या त्याच जातीच्या दुसऱ्या आजारात मात्र तो उलट उसळू शकतो. जंतूंच्या बाबतीतही असेच मिश्र चित्र आहे : हिपॅटायटिस ई झालेल्या, शेवटच्या तिमाहीतील स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत दगावू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, २००९ च्या स्वाइन फ्लूने पुण्याला जी दहशत बसवली त्यात गरोदर स्त्रियांना अधिक धोका होता, पण त्यामागे वर ढकलल्या गेलेल्या श्वासपटलाचाही वाटा असतो. दुसरीकडे हीच आई लस घेऊन उत्तम प्रतिद्रव्ये बनवते आणि वार ती स्वतः उचलून बाळाकडे पोहोचवते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देण्याचे एक कारण आईकडून आलेली ही शिदोरीच आहे. वार सगळ्या जंतूंना अडवू शकते असेही नाही. २०२४ मध्ये पुण्यात झिका या विषाणूचे रुग्ण सापडले तेव्हा गरोदर स्त्रियांच्या इतक्या तपासण्या का झाल्या, हे आता तुमच्या लक्षात येईल.

मग प्रतिकार यंत्रणेमुळे बाळ कधीच जात नाही का? जाते, आणि नेमके कुठे ते आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात मिसळलेल्या रक्तामुळे आईत प्रतिद्रव्ये बनतात आणि ती पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचे इंजेक्शन देतात. दुसरे ठिकाण अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यातील प्रतिद्रव्ये वारेच्या आवरणालाच चिकटून तिची वाढ बिघडवतात, दाह निर्माण करतात आणि रक्ताच्या गुठळ्याही करतात. इथे तपासणी खात्रीची आहे आणि ॲस्पिरिन व हेपॅरिन हा उपचारही. तुमच्या लिहिण्यात या तपासणीचा उल्लेख नाही, याचे मला एनके पेशींच्या आकड्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटले.

पतीच्या पांढऱ्या पेशींच्या इंजेक्शनांविषयी आता स्पष्ट लिहिते. त्यामागचा जुना तर्क असा : पती-पत्नीचे एचएलए फार सारखे असेल तर आईला बाळ पुरेसे परके वाटत नाही, मग तिच्यात बाळाला झाकणारी ‘ब्लॉकिंग’ प्रतिद्रव्ये बनत नाहीत, म्हणून ती टोचून बनवायची. म्हणजे बाळ फार परके वाटते म्हणून एक उपाय आणि पुरेसे परके वाटत नाही म्हणून दुसरा, असे दोन्ही तुम्हाला एकाच बैठकीत सुचवले गेले आहेत. ही ब्लॉकिंग प्रतिद्रव्ये कितीतरी सुखरूप बाळंतपणांत सापडतच नाहीत. अमेरिकेतील कॅरोल ओबर यांनी आपसांत लग्ने करणाऱ्या हटेराइट समाजात वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि एचएलएचा पूर्ण संच जुळणाऱ्या जोडप्यांत गर्भपात काहीसे अधिक आढळल्याचे नोंदवले, तरी तो समाज मोठ्या कुटुंबांसाठीच ओळखला जातो. याच ओबर यांनी पुढे या इंजेक्शनांची रीतसर चाचणी घेतली आणि ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली : पतीच्या पेशी दिलेल्या गटात ३६ टक्के स्त्रियांना यश आले, नुसते सलाईन टोचलेल्या गटात ४८ टक्के. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने संशोधनाबाहेर हा उपचार करण्यास मनाई केली. दुसऱ्याचे रक्तघटक टोचण्याचे सगळे धोके त्यात आहेतच.

हे लिहिताना मी धुतल्या तांदळासारखी नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मीही चार-पाच जोडप्यांना या इंजेक्शनांसाठी पाठवले होते. त्यातल्या तिघींना पुढे मुले झाली, दोन घरांतून पेढे आले, आणि मला वाटले की उपचार लागू पडला. नंतर हिशेब केला तेव्हा समजले की कारण न सापडलेल्या दोन गर्भपातांनंतर तुमच्या वयाच्या स्त्रीला काहीही उपचार न करता पुढच्या खेपेस मूल होण्याची शक्यता दहापैकी सातच्या आसपास असते. जो उपचार कराल त्याला हे यश आयते मिळते. इंट्रालिपिड, म्हणजे शिरेतून देण्याचे सोयाबीन तेलाचे दुधाळ मिश्रण, याच्या बाबतीतही माझे मत तेच आहे.

नात्यातील लग्नाविषयी आत्यांना सांगा की आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके सामाईक असतात. त्यामुळे दोघांकडे दडलेला एकच दोष बाळात उघड होण्याची शक्यता वाढते आणि त्यासाठी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा. आईच्या शरीराने बाळाला नाकारले असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि परकेपणाचेच भय असते तर दुसऱ्या स्त्रीचे बीज घेतलेल्या आयव्हीएफ गर्भधारणा, ज्यांत बाळ आईला पूर्णपणे परके असते, टिकल्याच नसत्या. त्यांत प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण वाढते हे खरे, पण बाळे सुखरूप जन्मतात.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. पहिल्या तीन महिन्यांतील तुरळक गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचा दोष सापडतो, जो बहुतेक वेळा बीज तयार होतानाच घडलेला असतो. आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत तर आईचे रक्त वारेच्या फाट्यांभोवती पुरेसे वाहूही लागलेले नसते. ते दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास सुरू होते. तुमच्या शरीराने बाळाला मारले असे म्हणायला माझ्यासमोर काहीही आधार नाही.

तुमच्या जागी मी इंजेक्शनांचे पैसे बाजूला ठेवून एवढे करून घेतले असते : अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्ही तपासण्या, गर्भपातानंतर किमान सहा आठवड्यांनी, आणि त्यातली एखादी पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखरेसाठी एचबीए१सी, गर्भाशयात पडदा आहे का हे पाहणारी थ्री-डी सोनोग्राफी, आणि दोघांचे कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, पण ते जनुकतज्ज्ञाने सांगितले तर. पुढच्या खेपेस सुरुवातीला रक्तस्राव दिसला तर प्रोजेस्टेरॉनविषयी तुमच्या डॉक्टरांशी लगेच बोला, कारण आधी गर्भपात झालेल्या आणि नव्या गरोदरपणात रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांना त्याचा फायदा होतो असे २०१९ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसले आहे. आणि ही वेळ येऊ नये, पण पिशवी साफ करावी लागलीच, तर निघालेला भाग गुणसूत्र तपासणीसाठी निर्जंतुक सलाईनमध्ये पाठवायला आधीच सांगून ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि ती तपासणी होत नाही. तुमच्या दोन्ही वेळच्या बाटल्यांत काय होते, हे जुन्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर लिहिलेले असेल, तेवढे पाहून मला कळवा.